निवाडा कुणाचा?

मुंबईत मरीन लाइन्स स्टेशनजवळ 'बडा कब्रस्तान' आहे. साडेसात एकरांचं हे कब्रस्तान. मुंबईतल्या मुसलमानांच्या कित्येक पिढ्या इथे विसावल्या आहेत. इथे गरीब-श्रीमंत असा भेद नाही. मयत आली की कबर खोदली जाते. पण डिसेंबर २००८मध्ये या कब्रस्तानाने आपले दरवाजे नऊ मृतदेहांसाठी बंद केले.

ते मृतदेह होते २६ नोव्हेंबरच्या रात्री समुद्रमार्गे मुंबईत घुसलेल्या अतिरेक्यांचे. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा हॉस्पिटल, ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस... तीन दिवस संहार चालला. १६६ जणांचा बळी गेला. त्यात हिंदू होते, ख्रिश्चन होते, ज्यू होते. तसे मुसलमानही होते. दहा अतिरेक्यांपैकी नऊ मारले गेले. त्यांना मूठमाती देण्याचा प्रश्न आला, तेव्हा कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टने ठाम नकार दिला. निरपराधांचे मुडदे पाडणारे मुसलमान असूच शकत नाहीत. सबब मुसलमानांच्या कब्रस्तानात त्यांना जागा नाही, असं विश्वस्तांनी सांगितलं. इतर मुस्लिम संघटनांनीही त्यांना साथ दिली. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. हॉस्पिटलच्या शवागारात पडून राहिले. जानेवारी २०१०मध्ये ते गुपचूप कुठेतरी पुरण्यात आले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही गोष्ट एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितली, तेव्हाच ती जगाला कळली.

हा नकार सर्वसामान्य माणसाला मनापासून पटला. पटणारच! पण इस्लामच्या धर्मशास्त्राच्या अंगाने पाहिलं, तर त्यात एक अवघड गाठ आहे. स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्याला 'तू मुसलमान नाहीस' असं सांगण्याचा अधिकार कुणाला? अरबीत या कृतीला 'तकफीर' म्हणतात. तकफीर म्हणजे एखाद्याला काफिर ठरवणं. आज जगभर धर्माच्या नावाने रक्त सांडणाऱ्या टोळ्यांचं हेच पहिलं हत्यार आहे. बंदूक नंतर येते. आधी समोरच्याला धर्माबाहेर काढलं जातं. तसं केल्याशिवाय मुसलमानाला मुसलमानाचा जीव घेता येत नाही. कुराणाने तो स्पष्ट निषिद्ध ठरवला आहे.

एका खजुराची गोष्ट

हे हत्यार आजचं नाही. ते साडेतेराशे वर्षांपूर्वीचं आहे. इ. स. ६५७मध्ये चौथे खलिफा हजरत अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांच्यात फरात नदीच्या काठी सिफ्फीन इथे लढाई जुंपली. दोन्हीकडे मुसलमान. रक्तपात थांबावा म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक लवाद नेमायचं ठरलं. अलींच्याच फौजेतल्या एका गटाला ते रुचलं नाही. निवाडा फक्त अल्लाहचा, तो माणसांवर सोपवणारा काफिर, असं म्हणत ते फौजेतून निघून गेले. 'निघून गेलेले' म्हणून ते 'खारिजी'.

हे खारिजी अडाणी वा ढोंगी नव्हते. रात्र-रात्र नमाज पढून त्यांच्या कपाळाला घट्टे पडलेले असत. जुन्या इतिहासकारांनी त्यांची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वाटेत त्यांना पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा आणि त्याची गरोदर बायको भेटली. त्यांना धरून नेत असताना झाडाखाली पडलेला खजूर एकाने उचलून तोंडात टाकला. लगेच दुसऱ्याने त्याला फटकारलं. मालकाला विचारल्याशिवाय, पैसे दिल्याशिवाय खाल्लास कसा? त्याने तो खजूर थुंकून टाकला. त्यानंतर थोड्याच वेळात याच पापभीरू मंडळींनी त्या नवराबायकोला ठार मारलं. अलींना काफिर म्हणायला ते तयार झाले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

इ. स. ६६१मध्ये कूफा शहराच्या मशिदीत खुद्द अलींवर एका खारिज्याने विषारी तलवारीचा वार केला. अली त्यातून वाचले नाहीत. पैगंबरांचा चुलतभाऊ, पैगंबरांचा जावई, सुरुवातीच्या मोजक्या मुसलमानांपैकी एक. पण मारेकऱ्याच्या लेखी तो मुसलमान उरला नव्हता!

या धक्क्यातूनच इस्लामी विचारवंत कामाला लागले. माणसाच्या श्रद्धेचा निवाडा कयामतीच्या दिवसापर्यंत लांबणीवर टाका, तो अल्लाहवर सोडा, असा विचार पुढे आला. कलमा पढणारा आणि किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारा मुसलमानच. तो पापी असेल, पण काफिर नव्हे, ही भूमिका सुन्नी धर्मशास्त्रात स्थिरावली. तिच्या पाठीशी एक प्रसिद्ध हदीस आहे. लढाईत उसामा नावाच्या तरुण सहकाऱ्याने कलमा उच्चारलेल्या शत्रूला मारलं. जिवाच्या भीतीने त्याने कलमा म्हटला, असं उसामाचं समर्थन. त्यावर पैगंबरांनी संतापून त्याला विचारलं की, त्याचं काळीज चिरून तू आत पाहिलं होतंस का?

औरंगाबाद ते कैरो

खारिज्यांचा जोर ओसरला. त्यांच्यातले जहाल गट नामशेष झाले. पण 'निवाडा फक्त अल्लाहचा' ही घोषणा विसाव्या शतकात नव्या कपड्यांत परतली. या वेळी तिच्या प्रवासात आपल्या औरंगाबादचंही नाव येतं. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातल्या औरंगाबादमध्ये, १९०३ साली अबुल आला मौदुदी यांचा जन्म झाला. त्यांनी १९४१ साली लाहोरमध्ये 'जमात-ए-इस्लामी'ची स्थापना केली. सार्वभौम सत्ता फक्त अल्लाहची. माणसांनी केलेले कायदे मानणारी राज्यव्यवस्था हे आधुनिक अज्ञानयुग, हा त्यांच्या लेखनाचा गाभा. मौदुदी स्वतः बॉम्ब-बंदुकीचे पुरस्कर्ते नव्हते. पक्ष, प्रचार आणि निवडणूक हा त्यांचा मार्ग. पण विचाराला पाय फुटले की तो लेखकाला विचारून चालत नाही.

१९५३मध्ये पाकिस्तानच्या पंजाबात अहमदिया पंथीयांविरुद्ध दंगली उसळल्या. अहमदियांना गैरमुस्लिम ठरवा, ही मागणी होती. मौदुदींना एका पुस्तिकेपायी लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. ती पुढे कमी झाली आणि ते सुटले. या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी केली. त्यांनी समोर आलेल्या उलेमांना एक साधा प्रश्न विचारला. मुसलमान कुणाला म्हणावं? १९५४च्या अहवालात उत्तरं छापली आहेत. दोन उलेमांची व्याख्या एकमेकांशी जुळली नाही! एकाची व्याख्या घ्यावी, तर बाकीच्या सगळ्यांच्या मते आपण काफिर ठरतो, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी नोंदवला.

या अहवालाकडे पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी पाठ फिरवली. १९७४मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवलं. एकदा सरकारनेच तकफीरचा कारखाना काढला, तर माल एकाच गिऱ्हाइकासाठी कसा तयार होईल? १९८५मध्ये शियांना काफिर म्हणणारी 'सिपाह-ए-सहाबा' उभी राहिली. २०१०च्या मे महिन्यात लाहोरमध्ये अहमदियांच्या दोन प्रार्थनास्थळांत ऐंशीहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर पाचच आठवड्यांनी त्याच शहरात दाता दरबारच्या सुन्नी दर्ग्यात बॉम्ब फुटले. काफिरांची यादी वाढतच गेली.

मौदुदींच्या लेखनाचे अरबी अनुवाद इजिप्तमध्ये पोचले. तिथे ते सय्यद कुत्ब यांनी वाचले. कुत्ब हे साहित्यसमीक्षक, शिक्षण खात्यातले अधिकारी. १९५४मध्ये तत्कालीन पंतप्रधान नासर यांच्यावर गोळीबाराचा प्रयत्न झाला आणि 'मुस्लिम ब्रदरहूड'च्या हजारो लोकांची धरपकड झाली. त्यात कुत्बही होते. पंधरा वर्षांची सजा. तुरुंगात छळ होत होता. १९५७मध्ये तुरा तुरुंगात पहारेकऱ्यांनी ब्रदरहूडच्या २१ कैद्यांना गोळ्या घातल्या. हे सारं करणारे शिपाई मुसलमान, त्यांचं सरकार मुसलमानांचं. हे कसले मुसलमान, असा प्रश्न त्या कोठड्यांतून उठला. १९६४मध्ये आलेल्या 'वाटेवरच्या खुणा' या पुस्तकात कुत्ब यांनी उत्तर दिलं. आजचा सारा समाज, मुसलमान म्हणवणारासुद्धा, अज्ञानयुगात जगतो आहे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी नासर सरकारने त्यांना फाशी दिलं. पुस्तकाच्या लेखकाचा हुतात्मा झाला आणि पुस्तकाची ताकद दसपट झाली.

त्याच तुरुंगांतून दुसरंही एक पुस्तक बाहेर आलं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. ब्रदरहूडचे प्रमुख हसन अल् हुदैबी हेही कैदेतच होते. तरुण कैदी साऱ्या समाजाला काफिर ठरवू लागले आहेत, हे पाहून ते हादरले. त्यांच्या नावावर जे पुस्तक आहे, त्याचं शीर्षकच बोलकं आहे : 'प्रचारक, न्यायाधीश नव्हे'. लोकांना धर्म सांगणं आपलं काम; त्यांच्या श्रद्धेचा निवाडा करणं आपलं काम नाही, असं त्यात कुत्ब यांचं नाव न घेता प्रतिपादन आहे. छळ दोघांनीही पाहिला होता. एकाने त्यातून निवाडा काढला, दुसऱ्याने निवाडा नाकारला. छळामुळे माणूस अतिरेकी होतो, हे खरंच. पण छळ सोसलेला प्रत्येक माणूस अतिरेकी होत नाही, हेही तितकंच खरं.

एका अक्षराची चूक

हुदैबींचं पुस्तक १९७७मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी शुक्री मुस्तफा या कृषिशास्त्र शिकलेल्या तरुणाच्या टोळीने, 'तकफीर वल् हिजरा' या नावाने ती ओळखली जाते, शेख मुहम्मद अल् धहबी यांचं अपहरण करून खून केला. धहबी हे अल् अझर विद्यापीठाचे मोठे विद्वान, माजी मंत्री. कुराणाच्या भाष्यांचा इतिहास लिहिणारा हा माणूस. त्याला काफिर ठरवलं शेतीच्या पदवीधराने!

चार वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९८१ रोजी, कैरोत लष्करी संचलन सुरू असताना राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली. या कटाचा वैचारिक सूत्रधार अब्दुस्सलाम फरज हा व्यवसायाने वीज अभियंता. 'विसरलेलं कर्तव्य' ही त्याची पुस्तिका. तिचा मोठा आधार होता तेराव्या-चौदाव्या शतकातले दमास्कसचे विद्वान इब्न तैमिया यांच्या फतव्यांचा. त्या काळी मंगोल राज्यकर्ते मुसलमान झाले होते. पण चंगीझखानाचे कायदे सोडत नव्हते, मुसलमानांची शहरं लुटत होते. त्यांच्याशी लढणं योग्य, असं इब्न तैमियांनी म्हटलं होतं. सादात हा आजचा मंगोल, असा फरजचा दावा.

इजिप्तचे तत्कालीन मुख्य मुफ्ती जाद अल् हक यांनी या पुस्तिकेला मुद्देसूद उत्तर दिलं. मंगोलांनी शहरं बेचिराख केली, माणसांची कत्तल केली. स्वतःच्या देशाचं रक्षण करणाऱ्या इजिप्तच्या फौजेशी त्यांची तुलना कशी होईल? राज्यकर्ता चुकत असेल, पाप करत असेल; पण पापाने माणूस काफिर होत नाही. सरकारी मुफ्तीचा युक्तिवाद म्हणून पुष्कळ तरुणांनी तो वाचलाच नाही. सत्तेच्या पगारावरचा मौलवी खरं बोलला तरी त्याचं खरं वाटत नाही, ही अल् अझरची जुनी अडचण आहे.

पुढे एक विलक्षण गोष्ट उघड झाली. इब्न तैमियांचा एक फतवा मार्दिन या शहराबद्दल आहे. तिथले मुसलमान मंगोलांच्या सत्तेखाली राहत होते. १९०९ साली कैरोत छापलेल्या प्रतीत या फतव्यात शरियतच्या बाहेर गेलेल्यांशी 'लढावं' असं क्रियापद होतं. दमास्कसच्या जुन्या हस्तलिखितात मात्र त्यांच्याशी त्यांच्या लायकीप्रमाणे 'वागावं' असं आहे. अरबीत 'युआमल' आणि 'युकातल' दिसायला जवळजवळ. छापताना एकाचं दुसरं झालं आणि शंभर वर्षं तेच चालू राहिलं! मार्च २०१०मध्ये तुर्कस्तानातल्या त्याच मार्दिन शहरात जगभरचे विद्वान जमले. त्यांनी ही चूक जाहीर केली आणि या फतव्याच्या आधाराने कुणाला काफिर ठरवणं वा सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणं हा विपर्यास आहे, असं सांगितलं. अर्थात, सारा दोष छापखान्याच्या माथी मारून चालणार नाही. मंगोलांविरुद्धचे इब्न तैमियांचे इतर फतवे कडकच आहेत. पण सातशे वर्षांपूर्वीचा काळ न पाहता वाक्य उचलून आणलं, की काय होतं याचा हा नमुना.

धर्मपंडितांची बाजू इतकी उजळ असती, तर प्रश्न सोपा झाला असता. ती तशी नाही. जून १९९२मध्ये कैरोत फरज फौदा या परखड लेखकाला भररस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. धर्म आणि राज्यसत्ता वेगळी ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. हत्येपूर्वी अझरमधल्याच काही पंडितांनी त्यांना धर्मद्रोही म्हटलं होतं. खटल्यात शेख मुहम्मद अल् गझाली या नामवंत, मवाळ समजल्या जाणाऱ्या विद्वानाने साक्ष दिली. धर्मद्रोह्याला शिक्षा देणं हे सरकारचं काम. पण सरकारने ते केलं नाही आणि एखाद्याने हात उगारला, तर त्याला इस्लाममध्ये शिक्षा नाही, असा त्या साक्षीचा आशय होता. इजिप्तमधल्या शहाण्यासुरत्या माणसांनी डोक्याला हात लावला. ऑक्टोबर १९९४मध्ये ८२ वर्षांचे नोबेल विजेते कादंबरीकार नगीब महफूझ यांच्या मानेत एका तरुणाने सुरा खुपसला. ते वाचले, पण लिहिता हात कायमचा अधू झाला. हल्लेखोराने त्यांची एकही कादंबरी वाचलेली नव्हती.

धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड, हे कलम जुन्या ग्रंथांत आहे, तोवर तकफीर हा केवळ शब्द राहत नाही. तो वॉरंट होतो. तकफीर करू नका म्हणणाऱ्या अनेक उलेमांनी या कलमाला मात्र हात लावलेला नाही. खरी गाठ इथेच आहे.

बंदूक खाली ठेवताना

१९९२ ते १९९७ या काळात इजिप्तमध्ये हजाराहून अधिक माणसं मेली. मुख्य संघटना होती 'अल् गमा अल् इस्लामिया'. जुलै १९९७मध्ये तिच्या तुरुंगातल्या नेत्यांनी एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. बाहेरच्या काहींना ती मान्य नव्हती. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी लक्सरजवळ राणी हत्शेपसुतच्या मंदिरात सहा जणांनी ६२ माणसांना मारलं. त्यात ५८ परदेशी पाहुणे होते. लक्सरचा टांगेवाला, होडीवाला, दुकानदार पर्यटकांवर जगतो. त्याची चूल विझली. ज्या गोरगरिबांसाठी लढतो म्हणत होते, तेच उलटले.

अखेर २००२मध्ये त्याच नेत्यांनी तुरुंगातून चार पुस्तिका प्रसिद्ध केल्या. कुराण आणि हदीसच्याच आधारे त्यांनी आपली वीस वर्षांची चूक मान्य केली. तकफीरला त्यात धोक्याची वाट म्हटलं. २००७मध्ये सय्यद इमाम यांनी तोच मार्ग धरला. ज्यांच्या जुन्या ग्रंथांवर अल् कायदाची पिढी पोसली, ते हे गृहस्थ. या लेखनाने अयमान अल् जवाहिरी इतका अस्वस्थ झाला, की त्याने उत्तरादाखल अख्खं पुस्तक लिहिलं. तुरुंगात लिहिलेलं कितपत मनापासूनचं, ही शंका रास्तच आहे. पण 'गमा'च्या त्या नेत्यांनी सुटकेनंतरही बंदूक पुन्हा हाती घेतली नाही.

२००५मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये पन्नासएक देशांतले दोनशे उलेमा एकत्र आले. सुन्नी, शिया, इबादी. आठ पंथांपैकी कुणाच्याही अनुयायाला काफिर म्हणू नये, असा एकमुखी ठराव त्यांनी केला. सप्टेंबर २०१४मध्ये १२६ विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'च्या बगदादीला उघड पत्र लिहून त्याचा एकेक दावा खोडून काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अल् अझरने सर्वांना चकित करणारी भूमिका घेतली. 'इस्लामिक स्टेट'च्या लोकांना काफिर म्हणायला तिने नकार दिला! ते गुन्हेगार आहेत, दहशत पसरवणारे आहेत, शिक्षेला पात्र आहेत. पण कलमा पढणाऱ्याला काफिर ठरवलं, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? अझरवर टीकेची झोड उठली. तरी तिने ते म्हणणं सोडलं नाही.

तीन वर्षांनी, २४ नोव्हेंबर २०१७ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, सिनाईतल्या रवदा गावच्या मशिदीवर हल्ला झाला. तीनशेहून अधिक नमाजी जागीच ठार झाले. त्यात मुलंही होती. गाव सूफी परंपरेचं. मारेकऱ्यांच्या लेखी सूफी म्हणजे मुसलमान नव्हेत. साडेतेराशे वर्षांपूर्वीचा तो खजूर थुंकणारा माणूस अजून हिंडतो आहे.

मग बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांचं काय? अल् अझरच्या काटेकोर तर्काने पाहिलं, तर 'हे मुसलमान नाहीत' हे त्यांचं वाक्य चुकलंच. पण त्या वाक्याने त्यांनी कुणाचा जीव मागितला नाही. जिवंत राहिलेल्या दहाव्या अतिरेक्याचा निवाडा देशाच्या न्यायालयात, साक्षीपुराव्याने आणि त्याला वकील देऊन झाला. तिथे तो मुसलमान आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याने माणसं मारली की नाही, एवढंच पाहिलं गेलं. विश्वस्तांनी फक्त आपल्या आईबापांच्या कबरींशेजारी त्या नऊ जणांना जागा नाकारली. त्यांच्या आत्म्याचं पुढे काय व्हायचं, ते त्यांनी अल्लाहवरच सोडलं.